पोटाचा हेवा

जानेवारी लागला की शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आता हुरडा पार्टीच्या पाट्या दिसू लागतात. पुण्याच्या गाड्या बांधावर उभ्या असतात. शेतात गोवऱ्यांची आगटी पेटलेली असते, तिच्याभोवती माणसं बसलेली असतात. एसटीच्या खिडकीतून हे सगळं क्षणभरच दिसतं, पण तेवढ्यात मी पुष्कळ बघून घेते. कोणी केवढा बकाणा भरला, कोणी त्यावर लसणाची चटणी घेतली, कोण वरून बोरं खातंय. आणि खाऊन झाल्यावर कोण पाय पसरून निवांत बसलंय. त्या निवांतपणावर माझी नजर अडकते. खाल्लेलं पचवावं लागतं, हे त्या माणसांच्या गावीही नसतं. मला त्यांचा हेवा वाटतो.

दुसऱ्यांच्या बंगल्याचा, गोऱ्या रंगाचा, बदली न होणाऱ्या नोकरीचा हेवा वाटणारी माणसं मी पाहिली आहेत. मला पोटांचा वाटतो. दहाएक वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात तर मी दुसरं काहीच करत नव्हते, फक्त हेवा करत होते. हुरड्याचे दिवस आले की तो हिवाळा पुन्हा माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसतो.

पहिला हेवा घरातलाच. माझा नवरा प्रकाश दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होता. सकाळी चहा झाला की पेपरचं खेळाचं पान घेऊन तो संडासात जायचा आणि थोड्याच वेळात काहीतरी गुणगुणत बाहेर यायचा. संपलं. दिवसभराचा विषय मिटला. मग तो स्टेशनवरची भजी खाणार, कँटीनमधली तर्रीदार मिसळ खाणार, वर कोणाच्या तरी डब्यातलं मटण. आपल्याजवळ पोट नावाची वस्तू आहे हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आठवणारही नाही. मी ओट्याशी उभी राहून ते गुणगुणणं ऐकायची आणि माझ्या हातातलं पातेलं जरा जोरातच आदळायचं.

‘काय झालं?’ तो विचारायचा.

‘काही नाही.’

काय सांगणार? तुमचं पोट साफ झालं म्हणून मला राग आला?

मी तेव्हा शिरूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. आठवडाभर शिरूरला भाड्याच्या खोलीत, शनिवारी शाळा सुटली की दौंडला, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत. लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा पोटात कळा सुरू झाल्या, मग आव, मग रक्त. बेलाचा मुरंबा झाला, डाळिंबाच्या सालीचा काढा झाला. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडले होते.

‘हे कायमचं जाणार नाही,’ डॉक्टर म्हणाले, ‘पण सांभाळता येईल. कधी महिनोन्‌महिने शांत राहील, कधी उसळेल.’

आणि मला समजावं म्हणून त्यांनी कागदावर पेनानं आतडं काढून दाखवलं. इतकं वाईट ड्रॉइंग मी पाचवीच्या पोरांचंही पाहिलेलं नाही. बादलीच्या कडीसारखी एक वाकडी रेघ आणि तिच्यावर चार फुल्या. आजार जन्मभराचा आहे हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मी मात्र मनातल्या मनात ती रेघ दुरुस्त करत बसले होते.

गोळ्यांनी रक्त कमी झालं, पण चेहरा फुगला. गाल टम्म झाले. शाळेतल्या बायका म्हणायच्या, ‘लग्न मानवलं बाई तुम्हाला!’ एकीनं तर कोणती क्रीम लावता म्हणून विचारलं. तिच्या डब्यात वांग्याचं भरीत आणि ठेचा होता. माझ्या डब्यात मऊ भात. ती माझ्या गालांकडे बघत होती, मी तिच्या डब्याकडे.

खरा छळ रस्त्याचा होता. दौंडहून निघालं की चौफुला, तिथून वळून पारगावचा पूल, मग न्हावरे, मग शिरूर. एसटीतली माणसं खिडकीतून नदी बघायची, कोणाचं पीक कसं आलंय ते बघायची. मी आडोसे बघायची. कुठल्या पेट्रोलपंपामागं भिंत आहे, कुठल्या शाळेला कुंपण नाही, कुठली बाभळ बुंध्यापासून पसरलेली आहे. पहिल्यांदा मी गाडी थांबवायला सांगितली तेव्हा अख्खी गाडी मान वळवून बघत होती. ‘उलटी हुतीय का?’ कंडक्टरनं विचारलं. मी हो म्हटलं. उलटी सांगता येते.

या रस्त्यावर माझा सगळ्यात मोठा आधार होता ऊस. पारगावच्या अलीकडे-पलीकडे उभा ऊस म्हणजे भिंतच. दोन पावलं आत गेलं की जग संपलं. पण दिवाळी झाली की कारखान्यांचे बॉयलर पेटायचे, तोडणीच्या टोळ्या यायच्या आणि माझी भिंत रोज थोडी थोडी पडायची. उसानं भरलेल्या बैलगाड्या रस्त्यानं चालल्या की गाडीतल्या लोकांना भाव आठवायचे. मला माझा आडोसा मोळ्या बांधून चाललेला दिसायचा. परवापर्यंत हिरवंगार असलेल्या रानात पाचट पसरलेलं असायचं आणि त्यापलीकडे थेट पुढच्या गावातलं देऊळ दिसायचं. मोकळं, स्वच्छ, सुंदर दृश्य. शैलानं ते आवडीनं रंगवलं असतं.

शैला माझी डिप्लोमापासूनची मैत्रीण. तीही शिरूरलाच, दुसऱ्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका, आणि घर न्हावऱ्याचं. तिच्या आजोबांच्या तरुणपणी घरात मेंढरं होती. आता ज्वारी, कांदा आणि चार दुभत्या गाई. शैलाचं पोट दगड पचवणारं होतं. हॉस्टेलवर शिळी भाकरी, कच्चा कांदा, हिरव्या मिरच्या, काही चालायचं. आणि हात असा की पाण्यात बुडवलेला ब्रश कागदाला लावला की घोडनदी वाहायला लागायची. माणसाला एक तरी कमी द्यावं ना? तिला दोन्ही होतं.

त्या जानेवारीत तिनं आम्हा पाचसहा शिक्षकांना रानात हुरड्याला बोलावलं. रविवार होता, त्या आठवड्यात मी दौंडला गेले नव्हते. ऊन कोवळं होतं. तिचे आजोबा, आबा, आगटीत कणसं खुपसत होते आणि भाजलेली कणसं हातावर चोळून, फुंकर मारून आमच्या पुढ्यात हुरडा टाकत होते. हिरवे, गरम, वाफाळते दाणे.

‘घे की पोरी,’ आबा मला म्हणाले. ‘गूळभेंडी जवारी हाय. लोण्यावानी लागतीया.’

‘नको आबा, माझं पोट जरा…’

‘हुरड्यानं कवा कुनाचं पोट बिघाडलंय व्हय?’

सगळे हसले. मीही हसले. चार दाणे तोंडात टाकले, जिभेवर घोळवले, त्यांचा गोड चीक गिळला आणि चोथा हळूच रुमालात काढला. समोर शैला खात होती. मूठ भरायची, मान मागं टाकायची, तोंडात सोडायची. हुरडा, मग गूळ, मग दही, मग पुन्हा हुरडा. तिला खाताना बघणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या लग्नाची पंगत खिडकीतून बघणं.

चिकानं असेल, नाहीतर नुसत्या धास्तीनं असेल, थोड्याच वेळात कळ आली. ही कळ विचारून येत नाही आणि थांबत नाही. मी उठले. शेजारच्या रानात ऊस आहे हे मी आल्या आल्या हेरून ठेवलं होतं, पण जवळ गेले तर कळलं की रस्त्याकडच्या चार ओळी तेवढ्या उभ्या होत्या. मागचा सगळा तुटला होता. ज्वारी तर पायापासून विरळ. घर लांब. मी पाचटात उभी राहिले आणि मला वाटलं, आता इथं, या सगळ्यांसमोर.

शैला मागून आली.  तिनं अंगावरची शाल काढली, माझ्याकडे पाठ केली आणि शालीची दोन टोकं दोन हातांत धरून हात पसरून उभी राहिली.

‘बस,’ ती म्हणाली.

मी बसले. थंडी होती, पाचट टोचत होतं. वर बघितलं तर शालीच्या वर तिचं डोकं दिसत होतं, आणि ती चघळत होती. निघताना भरलेला शेवटचा घास तिच्या तोंडात होता. कानाखालचं हाड वरखाली, वरखाली होत होतं.

‘झालं का?’

‘नाही.’

‘सावकाश. घाई न्हाई.’

तिनं माझी लाज झाकली होती, हात भरून आले तरी खाली घेतले नव्हते. आणि मी त्या हलणाऱ्या हाडाकडे बघत होते. असा हेवा मला आधी कधी वाटला नव्हता. तो पोटातल्या कळेसारखाच वळून वळून आला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चित्रकलेच्या वर्गात एकटीच थांबले, इम्पीरियल आकाराचा एक मोठा कागद बोर्डवर ताणला आणि डॉक्टरांची ती रेघ दुरुस्त करायला घेतली. नीट, फुगवटे आणि चुण्या दाखवत आतडं काढलं. ते काढता काढता लक्षात आलं की आपण रस्ता काढतोय. दौंडहून आडवं चौफुल्यापर्यंत, तिथं काटकोनात वळून वर, शिरूरकडे. मग हात थांबेना. पंपामागची भिंत आली. चौफुल्याच्या स्टँडवरचा कडी नसलेला दरवाजा आला. पारगावच्या त्या बाईचं घर आलं, जिनं काही न विचारता मला एकदा बादलीभर पाणी दिलं होतं. उभ्या उसाला सॅप ग्रीन. तोडलेल्या उसाच्या जागी कागद तसाच कोरा. आणि जिथं जिथं मी उतरले तिथं आतड्याच्या आतल्या अंगाला लाल. त्या लालसाठी मी क्रिमसनमध्ये थोडा तपकिरी मिसळून बघितला, कारण खरा रंग मला ठाऊक होता. आयुष्यात पहिल्यांदा मी असा रंग लावत होते, जो माझ्याइतका बारकाईनं कोणी पाहिलेला नव्हता.

महिनाभर ते चित्र चाललं. शैलाला दाखवलं तेव्हा ती आधी वाकून एकेक लाल जागा बघत गेली. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

‘हे माझ्या हातनं न्हाई व्हायचं,’ ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी लगेच ओळखलं. ते मी रोज आरशात बघत होते. काय सांगू, मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी आमटीत जरा तिखट घातलं.

जाताना ती दाराशी थांबली. ‘तू तुझ्या बाजूचं काढलंस. मी माझ्या बाजूचं काढू का?’

‘काढ की,’ मी म्हटलं. मनात म्हटलं, आता हेही हिला पाहिजे.

तिनं आणलेलं चित्र लहानसंच होतं. जलरंगातलं तोडलेलं रान, उन्हात पांढरं पडलेलं पाचट, लांबवर आगटीचा धूर. खालच्या कडेला शालीची किनार आणि ती घट्ट धरलेली बोटं. आणि धुराजवळ बसलेली सगळी माणसं पाठमोरी. एकाचंही तोंड इकडे नव्हतं. आबा तेवढे उभे होते आणि एकाच्या खांद्याला धरून त्याला पलीकडे वळवत होते.

‘हे असं झालं होतं?’ मी विचारलं.

‘मग? आबांनी सगळ्यांना फिरवून बसवलं. म्हनले, तिकडं बगा, डोंगर कसा दिसतोय. तुला दिसलं न्हाई?’

मला कुठून दिसणार? मी तर शालीपलीकडे सगळे बघताहेत असं समजून अंग चोरून बसले होते. मला रडू आलं. आणि रडता रडता मी हेही बघत होते की धुरासाठी तिनं रंग लावलेलाच नाही, बाकीच्या ओल्या रंगावर नुसता कोरडा ब्रश टेकवून तो उचलून घेतलाय. मला तो धूर सात जन्मात जमला नसता. आतडं माझं, कळ माझी, आणि त्यातलं मायेचं चित्र काढायचं भाग्य तिचं.

एप्रिलमध्ये दौंडला जयंती असते. आमच्या वस्तीतली तरुण मुलं त्या दिवशी विहाराच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरवायची. दरवर्षी मी काहीतरी द्यायची: कमळं, बोधिवृक्ष, शिकणाऱ्या मुली. त्या वर्षी म्हटलं, दोन चित्रं देते, एक माझं, एक मैत्रिणीचं. प्रकाशनं माझं चित्र कॉटवर पसरलेलं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

‘हे लावणार? हॉलमध्ये?’

‘हो.’

‘लोक विचारतील, बाई, हे काय काढलंय?’

‘मी सांगेन.’

‘तू सांगशील आणि सोमवारी शिरूरला जाशील. मी इथंच असतो. मला शेडमध्ये विचारतील. मी काय सांगू त्यांना? बायकोच्या संडासाचा नकाशा आहे म्हणून?’

‘तुम्ही काही सांगू नका. आपलं नाही म्हणून सांगा.’

 तो चित्रापाशी बसून राहिला. मी स्वयंपाकघरातून दोनदा डोकावले, तर तो बोटानं रस्ता धरत चालला होता, चौफुल्यापासून वर. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला कळत होतं. राग याचा आला की लाज वाटणं किंवा न वाटणं यातलं काही निवडायची त्याला मोकळीक होती.

जयंतीच्या सकाळी पांढऱ्या साड्यांनी हॉल भरून गेला. माझ्या चित्राखाली मी ‘दौंड–शिरूर’ एवढंच लिहिलं होतं. लोक यायचे, बघायचे, नकाशा आहे म्हणायचे आणि पुढं जायचे. शैलाच्या चित्रासमोर थांबायचे. ‘धूर काय काढलाय!’ मी मानेनं हो म्हणायची आणि आत जळायची.

कमलताई माझ्या चित्राशी थांबल्या. आमच्याच वस्तीतल्या. रेल्वेच्या लाइनीवर गँगमध्ये कामाला जायच्या, त्यामुळं चेहरा उन्हानं रापलेला. माहेर पारगावचं, म्हणून रस्ता त्यांनी लगेच ओळखला.

‘हा पूल ना बाई? आन् हे तांबडं काय हाय?’

मी सांगितलं. सगळं. आतड्याचं, रक्ताचं, उसाचं. परक्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

‘तुमचं बरं हाय बाई,’ त्या म्हणाल्या.

‘बरं?’ मला भयंकर राग आला. ‘कमलताई, रक्त जातं माझं.’

‘ते वाईटच की. तसं न्हाई म्हनत मी. पन तुमच्या दुखन्याला नाव हाय. डाक्टरचा कागद हाय. तुमी गाडी थांबवा म्हनलं तर थांबवावी लागती. आमी धडधाकट. धडधाकट बाईनं म्हनलं तर म्हनत्यात, घरनं जाऊन याया काय झालं हुतं? लायनीवर कुठं आडोसा? सकाळी निघाल्यापास्नं मी पानी पीत न्हाई. उन्हाळ्यात बी न्हाई. कवा कवा वाटतं, आपल्याला बी एखादं नावाचं दुखनं असतं तर बरं झालं असतं.’

 माझा हेवा आजवर एकाच दिशेनं गेला होता, धडधाकट पोटांकडे. त्या पोटांच्या रांगेत कोणीतरी उभं राहून माझ्याकडे तसंच बघत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कमलताईंनी तोवर दोघीतिघींना हाक मारून बोलावलं होतं. ‘ए, हिकडं या. बाईंनी सगळ्या जागा काढल्यात.’ मग बायकांची गर्दी झाली. कोणी म्हणालं, मालधक्क्यामागची जागा राहिली. कोणी म्हणालं, चौफुल्याच्या त्या दाराला मी पाठ लावून उभी राहते. हसू फुटलं. पदर तोंडावर गेले.

तेवढ्यात प्रकाश आला. शेडमधले चार जण बरोबर होते, त्यात त्याचे सीनियर, जे सगळ्यांना एकेरी हाक मारायचे. बायका बाजूला झाल्या. साहेब चित्रासमोर उभे राहिले, मान तिरकी करून बघू लागले.

‘प्रकाश, वहिनींनी हे काय काढलंय? भीमा नदी आहे का?’

हो म्हटलं असतं तरी कोणाला काही कळलं नसतं. भीमा होतीच तिथं, पुलाखाली. मीच मनात म्हणत होते, नदी म्हणा, अहो, नदी म्हणा आणि मोकळे व्हा. प्रकाशनं पँटला हात पुसले.

‘नदी नाही साहेब,’ तो म्हणाला. ‘आतडं आहे. माझ्या बायकोचं.’

बाजूला झालेल्या बायका पुन्हा पुढं सरकल्या.

‘आतून जखमा होतात तिला. रक्त जातं. दिवसातनं कितीदा जावं लागतं त्याला गणती नाही. शिरूरहून येताना-जाताना ती जिथं जिथं उतरली, त्या ह्या जागा.’ त्यानं बोट ठेवलं. ‘इथं भिंत आहे. इथं दाराला कडी नाही. इथं ऊस होता, तो तुटला.’

इंजिनाच्या पाइपाला कुठं गळती आहे ते समजावून सांगावं, तशा आवाजात तो सांगत होता. ना आवाज चढला, ना उतरला.  साहेब हळू आवाजात म्हणाले, ‘माझ्या आईचं असंच काहीतरी होतं. आम्ही कधी विचारलं नाही,’ आणि मला त्यांनी दोन्ही हात जोडले.

जे सांगायला मला एक अख्खा हिवाळा आणि एक अख्खा कागद लागला, ते प्रकाशनं चारचौघांत एका दमात सांगून टाकलं. आणि सांगून झाल्यावर माझ्याकडे वळून, जसं काही झालंच नाही, विचारलं, ‘चहा सांगू का सगळ्यांना?’

मी मान हलवली. तो मला इतका आपला कधी वाटला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, इतकी मी कधी कोणावर जळलेही नव्हते.